हँडीकॅम की मिररलेस, हे आधी तुमच्या लॅपटॉपला विचारा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: बजेट पन्नास हजारांच्या आसपास, कॉलेजच्या मित्रांसोबत शॉर्टफिल्म करायच्यात, शिवाय गावच्या जत्रेला दशावतार होतो तो अख्खा शूट करून ठेवायचाय, घरात आय-फाइव्हचा ८ जीबी रॅमवाला लॅपटॉप आहे, आणि अमेरिकेतला मावसभाऊ येताना तिकडून हँडीकॅम आणतो म्हणतोय. तर हँडीकॅम घेऊ की मिररलेस, म्हणजे लेन्स बदलता येणारा कॅमेरा, आणि एडिटिंगला कुठलं सॉफ्टवेअर.

मी स्टेजचं शूटिंग, म्हणजे एकांकिका, कीर्तनं, दशावतार, आणि अधूनमधून छोट्या डॉक्युमेंटरी, हे काम बरीच वर्षं करतोय. नवीन मुलं शिकायला येतात त्यांचा पहिला प्रश्न हाच असतो, कॅमेरा कुठला घेऊ. पण त्यांची पहिली फिल्म अडकते ती कॅमेऱ्यामुळे नाही. शूटिंग उत्साहात होतं, कार्ड भरतं, मग ते लॅपटॉपवर टाकलं की टाइमलाइन, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये तुकडे ओळीने लावायची पट्टी, पुढेच सरकत नाही, चित्र थांबतं, आवाज पुढे निघून जातो, चार दिवस खटपट करून माणूस वैतागतो आणि तो फोल्डर तसाच पडून राहतो. म्हणून मी उलट्या बाजूने सुरुवात करायला सांगतो. आधी लॅपटॉपला काय झेपतं ते बघा, त्यावरून सॉफ्टवेअर ठरवा, आणि मग त्या दोघांना चालेल असं फुटेज देणारा कॅमेरा शोधा.

हे जरा खोलात सांगतो कारण दुकानदार हे सांगत नाही. कॅमेरा व्हिडिओ सेव्ह करताना तो दाबून लहान करतो. जुनी पद्धत एच.२६४, नवी एच.२६५, हिलाच एचईव्हीसी म्हणतात. नवीत फाइल लहान होते पण ती उलगडायला प्रोसेसरला जास्त कष्ट पडतात, त्यात ४के आणि १०-बिट (८-बिटपेक्षा रंगाच्या जास्त छटा साठवणारं) असेल तर जुन्या लॅपटॉपचा जीव जातो. दुसरी गोष्ट अशी की या दोन्ही पद्धतींत प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते. थोड्या थोड्या अंतराने एक पूर्ण फ्रेम, आणि मधल्या फ्रेममध्ये आजूबाजूच्या फ्रेमपेक्षा काय बदललं तेवढंच. नुसतं बघताना हे सरळ ओळीने चालतं म्हणून अडचण येत नाही, पण एडिटिंगमध्ये तुम्ही मध्येच कुठेतरी क्लिक करता, तेव्हा सॉफ्टवेअरला मागच्या पूर्ण फ्रेमपर्यंत जाऊन तिथून हिशोब करत पुढे यावं लागतं. बघताना मस्त चालणारी फाइल एडिट करताना अडखळते ती यामुळे.

तुमच्या लॅपटॉपला १०८० रिझोल्यूशन, सेकंदाला २५ फ्रेम, ८-बिट एच.२६४ हे आरामात चालायला हवं. ४के एच.२६५ थेट चालणार नाही असं धरूनच चला. पण माझ्या शब्दावर जाऊ नका, स्वतः बघा. दुकानात जाताना खिशात आपलं मेमरी कार्ड घेऊन जा, आवडलेल्या कॅमेऱ्यात ते टाकून दोनचार मिनिटं शूट करा, एकदा १०८० मध्ये, एकदा ४के मध्ये, आणि घरी येऊन ते लॅपटॉपवर एडिट करून बघा. तुकडे करा, मागेपुढे करा, रंग बदला, दोन व्हिडिओ एकावर एक ठेवा. मग पैसे द्या. चांगला दुकानदार याला नाही म्हणत नाही, आणि सेकंडहँड विकणारा नाही म्हणाला तर तिथून निघा.

आता कॅमेरा. तुमची खरी अडचण अशी आहे की तुम्ही एका प्रश्नात दोन वेगळी कामं घातलीत. शॉर्टफिल्ममध्ये प्रसंग तुमच्या हातात असतो, तुम्ही थांबवू शकता, दिवा हलवू शकता, परत करा म्हणू शकता. दशावतारात काहीच तुमच्या हातात नसतं. पालखी झाली की मध्यरात्रीच्या सुमारास सुरू होतो आणि उजाडेपर्यंत चालतो, तुम्ही कोपऱ्यात एका जागी अडकलेले, पुढे माणसं बसलेली, आणि राजाची एंट्री चुकली तर चुकली.

या दुसऱ्या कामाला हँडीकॅमसारखं दुसरं काही नाही, अजूनही. एक तर ऑप्टिकल झूम २० पट किंवा त्याहून जास्त मिळतो, म्हणजे मागे उभं राहून अख्खा रंगमंच आणि तिथूनच थेट चेहरा, लेन्स न बदलता. खोक्यावर हजार पट वगैरे लिहिलेलं असतं ते डिजिटल, तिकडे बघूच नका. दुसरं म्हणजे तो तासन्‌तास चालायलाच बनवलेला असतो, चार्जर लावून ठेवला की बॅटरीची काळजी नाही. उलट बऱ्याच जुन्या डीएसएलआर आणि मिररलेस २९ मिनिटं ५९ सेकंदांवर रेकॉर्डिंग आपोआप बंद करतात, कारण युरोपात अर्ध्या तासाहून जास्त रेकॉर्ड करणारं यंत्र व्हिडिओ कॅमेरा धरलं जायचं आणि त्याला जास्त कस्टम ड्यूटी लागायची, ती टाळायला कंपन्यांनी ही मर्यादा घातली. नव्या मॉडेलमध्ये बऱ्याच ठिकाणी ती मर्यादा गेलीय पण गरम होऊन बंद पडण्याचा प्रश्न आहेच, विशेषतः ४के मध्ये.

हँडीकॅमचा तोटा म्हणजे सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारी चिप, अगदी छोटा. कमी उजेडात चित्रात दाणे दिसतात, आणि मागचं सगळं धूसर होऊन माणूस उठून दिसतो तो सिनेमासारखा लूक मिळत नाही. मिररलेसचा एपीएस-सी सेन्सर साधारण २३ बाय १५ मिलिमीटरचा, तिथे हे दोन्ही मिळतं, लेन्स बदलता येते, ५० एमएम एफ १.८ सारखी स्वस्त पण भरपूर उजेड आत घेणारी लेन्स लावून खोलीतल्या एका बल्बवर सीन करता येतो. म्हणजे शॉर्टफिल्मला मिररलेस सरस, यात वाद नाही.

तरी तुमच्या जागी मी वापरलेला हँडीकॅम घेईन आणि पहिल्या दोनतीन शॉर्टफिल्म मोबाइलवर करेन. कारण मोबाइल तुमच्याकडे आहे, जवळच्या अंतरावर, दिवसाच्या उजेडात, तो आज खूप चांगलं चित्र देतो. शॉर्टफिल्मची पटकथा, अभिनय, शॉट कसे लावायचे, एडिटिंगमध्ये कुठे कापायचं, हे सगळं त्यावर शिकता येतं. पण मोबाइलवर दशावतार होत नाही, झूम केला की संपलं. म्हणजे ज्या कामाला पर्यायच नाही त्यासाठी पैसे खर्च करा. दशावतार ही नुसती हौस असेल आणि मन शॉर्टफिल्मवरच असेल तर मात्र हे उलटं होईल, मग सोनी झेडव्ही-ई१० सारखा वापरलेला मिररलेस शोधा, त्याला माइकचं आणि हेडफोनचं दोन्ही जॅक आहे. हे तुमचं तुम्हालाच ठरवावं लागेल.

मोबाइलबद्दल एक सांगून ठेवतो, मोबाइल फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम, स्थिर ठेवत नाही, उजेडाप्रमाणे थोडा कमीजास्त करतो. त्याने एडिटिंगमध्ये ओठ आणि आवाज हळूहळू वेगळे होतात आणि लोकांना वाटतं सॉफ्टवेअर खराब आहे. हँडब्रेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात फाइल टाकून कॉन्स्टंट फ्रेम रेट निवडून २५ वर काढून घ्या. नाहीतर ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे अॅप तुमच्या फोनला चालत असेल तर त्यात फ्रेम रेट आणि शटर (प्रत्येक फ्रेमला किती वेळ उजेड आत घ्यायचा ते) हाताने सेट करता येतो, ते पण फुकट आहे.

आता मावसभावाचा हँडीकॅम. जपून. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची, अमेरिकेत ६०. आपले ट्यूबलाइट आणि साधे एलईडी सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात, डोळ्याला दिसत नाही पण कॅमेऱ्याला दिसतं. म्हणून आपल्याकडे सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवायचा, म्हणजे प्रत्येक फ्रेमला सारखाच उजेड मिळतो. अमेरिकेत विकले जाणारे घरगुती हँडीकॅम बहुतेक ३० आणि ६० फ्रेमवरच बांधलेले असतात, मेनूत ५० हर्ट्‌झचा पर्यायच नसतो. तसला कॅमेरा इथल्या दिव्याखाली ऑटोवर चालवला की चित्रात पट्टे सरकतात किंवा सगळं लुकलुकतं. त्यात शटर हाताने १/५० किंवा १/१०० करता येत असेल तर बराच फरक पडतो, पण स्वस्त मॉडेलमध्ये ती सोय नसते. शिवाय वॉरंटी इथे चालेल का ते वेगळंच. भावाला सांगा की मॉडेलचं नाव आधी पाठव, त्याचं मॅन्युअल नेटवर मिळतं, त्यात ५०आय किंवा २५पी, म्हणजे आपल्या ५० हर्ट्‌झला जुळणारे फ्रेम रेट, आहे का आणि मॅन्युअल शटर आहे का एवढं बघा. दोन्ही नसेल तर त्याच्याकडून माइक किंवा मेमरी कार्ड मागवा, कॅमेरा नको.

साध्या हँडीकॅमची नवीन मॉडेलं येणं जवळपास थांबलंय, तेव्हा वापरलेलाच बघावा लागेल आणि त्यात काही वाईट नाही, लग्नाच्या शूटिंगवाल्यांनी मिररलेस घेतले त्यामुळे चांगले हँडीकॅम विकायला येतात. सोनी एएक्स५३, पॅनासॉनिक व्ही७८५ या वर्गातला मिळाला तर उत्तम, दोन्हींना २० पट ऑप्टिकल झूम आणि माइकचं जॅक आहे. स्वस्तात दिसतो म्हणून सोनी सीएक्स४०५ घेऊ नका, त्याला बाहेरचा माइक लावायला जॅकच नाही. तीच गोष्ट कॅनन १५००डी ची, फोटोला चालेल, व्हिडिओला माइक जोडता येत नाही.

बघताना अर्धा तास तरी सलग रेकॉर्डिंग करा, कॅमेरा गरम होऊन थांबतो का ते कळतं. झूम करताना फोकस सुटतो का, स्क्रीन उघडमीट करताना काळी पडते का, माइकचं जॅक हलवल्यावर खरखर येते का, हे बघा. लेन्सचं झाकण लावून अंधारात दोन मिनिटं रेकॉर्ड करा आणि टीव्हीवर लावा, पांढरे-लाल ठिपके एकाच जागी दिसले तर सेन्सरवरचे पिक्सेल गेलेत. आणि कोकणात असाल तर सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बुरशी. लेन्समध्ये तिरका टॉर्च मारून बघा, आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर तो कॅमेरा फुकट मिळाला तरी घेऊ नका. घेतल्यावर पण पावसाळ्यात तो कापडी बॅगेत कपाटात ठेवायचा नाही, घट्ट झाकणाच्या प्लास्टिक डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवायचा, आणि आठवड्यातून एकदा बाहेर काढून चालवायचा.

आवाजाचं कुणी विचारत नाही म्हणून मीच सांगतो. थोडं धूसर चित्र लोक चालवून घेतात, संवाद कळला नाही तर दोन मिनिटांत उठतात. शॉर्टफिल्मला बोया बीवाय-एम१ सारखा वायरचा कॉलर माइक पुरतो, हजाराच्या आसपास मिळतो, वायर ६ मीटर आहे. त्यावर मोबाइल आणि कॅमेरा असं बटण असतं ते बरोबर बाजूला ठेवा आणि आतला एलआर४४ सेल बदलत राहा. सीन करताना पंखा आणि फ्रिज बंद करा, आणि सीन झाल्यावर सगळ्यांना गप्प बसवून त्याच जागेचा नुसता आवाज मिनिटभर रेकॉर्ड करा. दोन वाक्यांच्या मधली भोकं भरायला एडिटिंगमध्ये तो लागतोच, रातकिडे एका शॉटमध्ये आणि पुढच्यात नाहीत असं झालं की जोड लगेच कळतो.

दशावताराला कॅमेऱ्यावरचा माइक कामाचा नाही, त्यात शेजारी बसलेल्यांच्या गप्पा येतात. झूम नावाच्या कंपनीच्या एच१एन सारखा छोटा आवाजाचा रेकॉर्डर रंगमंचाच्या कडेला ठेवा, पण पखवाज आणि झांजेच्या अगदी जवळ नको, नाहीतर गायन बुडतं. लेव्हल ऑटोवर ठेवू नका, मोठ्यात मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असं सेट करा, कारण युद्धाच्या प्रसंगात झांज एकदम चढते आणि फाटलेला आवाज नंतर दुरुस्त होत नाही. सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवली की दोन्ही आवाज जुळवता येतात, मात्र दोन यंत्रांची घड्याळं अगदी सारखी चालत नाहीत, काही तासांत आवाज थोडा सरकतो, तेव्हा प्रत्येक प्रसंगाला तुकडा कापून परत जुळवून घ्या.

चित्राचं एक सांगतो. मागे काळोख आणि पुढे रंगवलेला चेहरा असला की ऑटो कॅमेरा काळोख बघून उजेड वाढवतो आणि चेहरा पांढराफटक पडतो. आणि संकासुर येतो तो काळ्या कपड्यात, मग तर कॅमेरा पुरताच गोंधळतो. त्यामुळे एक्स्पोजर, म्हणजे उजेडाचं प्रमाण, हाताने लॉक करा, चेहऱ्यावर बघून, कपडे काळे गेले तरी चालतील. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगाचा तोल, तोपण लॉक. जांभळे-निळे एलईडी असतील तर एक्स्पोजर आणखी थोडं खाली, कारण त्या रंगात चेहऱ्याचा तपशील लवकर जातो. ट्रायपॉड व्हिडिओचा घ्या, फ्लुइड हेडचा, म्हणजे ज्याचं डोकं झटके न देता फिरतं, पूर्ण झूमवर फोटोचा ट्रायपॉड फिरवला की झटके दिसतात.

सॉफ्टवेअरचं तुमच्या बाबतीत सोपं आहे. सगळे दाविंची रिझॉल्व्ह सांगतील, आणि सॉफ्टवेअर म्हणून ते खरंच अप्रतिम आहे. फुकट व्हर्जनमध्ये वॉटरमार्क नाही, ३८४० बाय २१६० आणि ६० फ्रेमपर्यंत काम होतं, रंगाचं काम तर त्याच्यासारखं कुठेच नाही. पण त्याला १६ जीबी रॅम आणि बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड लागतं. ८ जीबीवर ते उघडेल, छोटा प्रोजेक्ट चालेलही, मग मध्येच बंद पडेल. तेव्हा आज केडेनलाइव्ह किंवा शॉटकट घ्या. दोन्ही फुकट, वॉटरमार्क नाही, हलके आहेत. दोन्हींत प्रॉक्सीची सोय आहे, म्हणजे सॉफ्टवेअर तुमच्या फुटेजची लहान हलकी कॉपी बनवतं, तुम्ही तिच्यावर एडिट करता आणि एक्सपोर्ट करताना मूळ फाइल वापरली जाते. अडखळणाऱ्या लॅपटॉपवर याने जमीन-अस्मानाचा फरक पडतो. प्रीमियर प्रो महिन्याच्या पैशांवर आहे, शिकताना गरज नाही, आणि क्रॅक केलेलं टाकू नका, त्यासोबत काय काय आत येतं ते कळत नाही आणि प्रोजेक्ट अर्ध्यात असताना ते बंद पडलं तर हात चोळत बसावं लागतं.

लॅपटॉपमध्ये अजून साधी हार्डडिस्क असेल तर कॅमेऱ्याच्या बजेटमधूनच एसएसडी टाका आणि जागा असेल तर रॅम १६ करा. हा खर्च फळतोच, आणि तेव्हा रिझॉल्व्हपण वापरता येईल.

मराठी टायटल देणार असाल तर सॉफ्टवेअर पक्कं करायच्या आधी एक छोटी परीक्षा घ्या, त्यात «श्रीकृष्ण», «हिरण्यकश्यपू», «दिग्दर्शन» एवढे शब्द टाइप करून बघा. काही सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं फुटतात, पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते. प्रीमियरमध्ये सेटिंगमध्ये साउथ एशियन टेक्स्ट इंजिन निवडलं की नीट होतं. बाकी कुठे फुटलं तर इंकस्केप या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये टायटल करून मागची बाजू पारदर्शक ठेवून पीएनजी काढा आणि टाइमलाइनवर टाका. फाँट युनिकोडच घ्या, «एक टाइप» या संस्थेचे «मुक्त» किंवा «बलू» नावाचे फाँट फुकट आहेत आणि पडद्यावर छान वाचता येतात.

जागेचा हिशोब करून ठेवा. १०८० चं फुटेज २५ एमबीपीएसने (सेकंदाला २५ मेगाबिट) तासाला साधारण ११ जीबी होतं, सहा तासांचा दशावतार म्हणजे ७० जीबीच्या आत. तेच ४के मध्ये १०० एमबीपीएसने तासाला ४५ जीबी, रात्रभराचे २७० जीबी. म्हणून दशावतार १०८० मध्येच करा. कार्ड यू३ किंवा व्ही३० लिहिलेलं घ्या, ती वेगाची खूण आहे. लांब रेकॉर्डिंग कॅमेरा २ किंवा ४ जीबीच्या तुकड्यांत कापतो, आणि एव्हीसीएचडी (हँडीकॅमची व्हिडिओ साठवायची एक पद्धत) फाइल असतील तर जोडावर कधीकधी आवाजाचा किंचित खटका ऐकू येतो, तेव्हा कार्डावरचा अख्खा फोल्डर जसाच्या तसा कॉपी करा, नुसत्या फाइल उचलू नका, आणि कॅमेऱ्यासोबतच्या सॉफ्टवेअरने तुकडे जोडून मगच एडिटिंगला घ्या. फुटेज दोन वेगळ्या डिस्कवर गेल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही, कितीही घाई असली तरी.

पैशाची वाटणी मी अशी करेन: साधारण निम्मे किंवा थोडे जास्त कॅमेऱ्याला, उरलेल्यातून आधी एसएसडी, मग रेकॉर्डर आणि माइक, मग ट्रायपॉड, आणि बॅकअपची डिस्क. सगळे कॅमेऱ्यात घातले तर वरचं काहीच होणार नाही.

आणि दशावतार शूट करायच्या आधी मंडळाच्या मालकांना भेटा, नेटवर टाकणार असाल तर तेही स्पष्ट विचारा. त्या कलाकारांचं पोट या रात्रींवर आहे, काही मंडळं स्वतःच व्हिडिओ टाकतात, काहींना अख्खं नाटक टाकलेलं चालत नाही. त्यांना एक चांगली कॉपी पेनड्राइव्हवर द्या. तेच मग वीज कुठून घ्यायची, कॅमेरा कुठे लावायचा, माइक कुठे ठेवायचा ते स्वतःहून सांगतात.

लॅपटॉपच्या प्रोसेसरचं पूर्ण नाव, म्हणजे आय-फाइव्हच्या पुढचे आकडे, आणि आत एसएसडी आहे की हार्डडिस्क, एवढं कळवा. भावाने मॉडेलचं नाव पाठवलं की तेपण लिहा, मॅन्युअल बघून सांगतो.